नळीवरचं नाव

२८ मार्च २०२० ला बुलढाण्यात एक माणूस वारला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अहवाल नागपूरहून आला. विदर्भातला कोरोनाचा पहिला बळी अशी त्याची नोंद झाली. त्या दिवसांतलं आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना सगळं आठवतं. कुठली गल्ली बंद झाली, कुणाला कुठे नेऊन ठेवलं, दूधवाला कुठपर्यंत यायचा. पण घशातल्या स्रावाची ती नळी बुलढाण्याहून नागपूरला कशी गेली, ती कुणी उघडली, नळीवरचा क्रमांक सोबतच्या कागदाशी कुणी ताडून पाहिला, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. मला मात्र तेच पहिल्यांदा सुचलं. नळी उघडणं आणि क्रमांक ताडणं हाच माझा पोटाचा धंदा आहे.

मी चिखली तालुक्यातली. बुलढाण्याला बी.एस्सी., अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि त्यानंतर पुण्यात एका विद्यापीठाच्या इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन. गावाकडे हे सांगायचं म्हणजे पंचाईत. मावशीने एकदा विचारलं, "लोकाइचं रगत काढते का वं तू तिथं?" मी म्हटलं, "काढत नाही मावशी, आलेलं सांभाळते." तिला ते पटलं. सांभाळणं हे तिच्या ओळखीचं काम होतं.

इम्युनॉलॉजी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र, आणि रोगप्रतिकारशक्ती हा शब्द कोरोनानंतर घरोघरी गेला. काढे, गोळ्या, हळदीचं दूध, सगळ्यांवर तो छापलेला असतो. प्रयोगशाळेत ती शक्ती मोजायची असते, आणि मोजायची म्हणजे आधी ती ज्या पेशींत असते त्या जिवंत हाती आल्या पाहिजेत. इथूनच आमचं काम सुरू होतं आणि बहुतेक वेळा फसतं तेही इथेच.

रक्त कुठल्या नळीत घेतलं हे टोपीच्या रंगावरून कळतं. जांभळी टोपी म्हणजे ईडीटीए, रक्तगणनेसाठी. लाल म्हणजे साधी नळी, रक्त गोठू द्यायचं आणि वरचं सीरम घ्यायचं. हिरवी म्हणजे हेपरिन, रक्त गोठू न देणारं. जिवंत पेशींवर प्रयोग करायचा तर आम्हाला हिरवी लागते. पण त्याच रक्तावर पुढे पीसीआर करायचा असेल तर हेपरिन आडवं येतं. म्हणजे रक्त काढणाऱ्याने सुई टोचायच्या आधीच ठरवलेलं असावं लागतं की या माणसाच्या रक्ताला आपण नेमकं काय विचारणार आहोत. चुकीच्या टोपीत आलेलं रक्त परत पाठवता येत नाही. तो माणूस तोवर घरी, शेतात गेलेला असतो.

आणि बर्फ. तालुक्याच्या ठिकाणाहून येणारं रक्त पुष्कळदा चांगल्या मनाने बर्फात घालून पाठवलेलं असतं, कारण थंड ठेवलं की टिकतं हे सगळ्यांना माहीत. लशीला ते खरं आहे. पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या असतील तर मात्र रक्त खोलीच्याच तापमानाला हवं. गार झालं की थर नीट वेगळे होत नाहीत, नको त्या पेशी हव्या त्यांत मिसळतात. काढल्यापासून सात-आठ तासांत ते आमच्या टेबलावर आलं तर उत्तम, दिवस उलटला की त्याच्यावरचा भरवसा कमी होत जातो. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मलकापूर, नांदुरा नाहीतर शेगाव गाठायचं. पुण्याला यायचं तर रात्रभराचा रस्ता. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडची 'खोली' चाळीस अंशांची असते, हे आणखी एक.

रक्त आलं की ते सलाइनसारख्या द्रावणात पातळ करायचं आणि फायकॉल नावाच्या जड, पारदर्शक द्रवावर हळूच सोडायचं. नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेला टेकवायचं आणि श्वास आवरून थेंब थेंब वर चढू द्यायचे. दोन्ही द्रव मिसळले तर संपलं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास स्पिन, तोही ब्रेक काढून. यंत्र झटक्याने थांबलं तर बसलेले थर विस्कटतात, म्हणून त्याला आपोआप मंद होऊ द्यायचं. नळी बाहेर काढली की तळाला लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये, घुसळलेल्या ताकावर लोणी दिसू लागावं तसं, एक पातळ पांढुरकं कडं. लिंफोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्या कड्यात असतात. एका माणसाने आजवर झेललेले गोवर, टायफॉइड, डेंगी, घेतलेल्या लशी, या सगळ्यांची स्मृती त्या कड्यातल्या काही पेशींत असते. अनेक वर्षं हे काम करूनही ते कडं दिसलं की मला बरं वाटतं.

कडं उचलायचं, धुवायचं, पेशी मोजायच्या. ट्रायपॅन ब्लू टाकलं की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत. मग त्या गोठवायच्या. गोठवण्यासाठी वापरतो ते डीएमएसओ पेशींना बर्फाच्या सुयांपासून वाचवतं, पण साध्या तापमानाला तेच त्यांना मारतं. म्हणून ते घातल्यावर हात भराभर चालले पाहिजेत. आणि गोठवणं मात्र सावकाश, मिनिटाला एक अंश या गतीने. रात्रभर उणे ८० मध्ये, मग द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांवर. तिथे त्या वर्षानुवर्षं राहतात. टाकीतला नायट्रोजन उडत असतो, तो वेळेवर भरावा लागतो. दिवाळीची सुट्टी टाकीला नसते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी नायट्रोजनची पातळी बघायला कुणीतरी जातंच.

सीरममधली प्रतिपिंडं शोधणाऱ्या एलायझा चाचणीची प्लेट लावणं हे आमचं दुसरं रोजचं काम. ९६ खळग्यांची प्लास्टिकची थाळी. आदल्या रात्री प्रत्येक खळग्याच्या तळाला अँटिजेन चिकटवून ठेवायचं, सकाळी धुवायचं, मोकळी जागा प्रथिनाने झाकायची, मग रुग्णाचं सीरम. त्यात त्या अँटिजेनविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती तळाला धरून बसतात. मग दुसरं, विकर जोडलेलं प्रतिपिंड, आणि शेवटी रंगद्रव्य. खळगा निळा होतो, आम्ल टाकलं की पिवळा, आणि यंत्र ४५० नॅनोमीटरला तो पिवळा किती गडद आहे ते मोजतं. वाचायला सोपं आहे. पण रंगद्रव्य ज्या क्रमाने टाकलं त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने आम्ल टाकावं लागतं, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या खळग्यात जो फरक दिसतो तो माणसांतला नसतो, तुमच्या हाताच्या गतीतला असतो. कडेच्या खळग्यांतलं पाणी मधल्यांपेक्षा लवकर उडतं, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोरोनाची प्रतिपिंडं शोधणारा 'कवच' एलायझा तयार केला, तेव्हा अडीच तासांत एका वेळी ९० नमुने तपासता येतात ही बातमी झाली. मला त्या बातमीत नव्वद नमुन्यांवर अडीच तास न चुकता फिरणारे हात दिसले.

असे हात चुकले, किंवा चुकले असा नुसता संशय आला, तर काय होतं याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा देण्यात आली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. या लशीत आपल्या स्वयंपाकघरातलं तूप होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मांसाच्या रश्श्यावर हाफकिन तुपाचे थेंब तरंगत ठेवत. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. फ्लास्क हलवला की ते तळाला पडत आणि पुन्हा नवे लोंबू लागत. लोकांच्या धर्मभावना सांभाळायच्या म्हणून रस्सा बोकडाच्या मांसाचा होता. ते फ्लास्क किती हलवायचे, कधी थांबायचं, हे ज्या हातांनी शिकून घेतलं त्यांची नावं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच. तिथून लशीच्या बाटल्या देशभर जात. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना ५३-एन या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत हाफकिन यांनी बदल केला होता, दोष त्यातच असणार, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आलं.

पण नोंदींत आणखी एक गोष्ट होती. गावात बाटली उघडताना बुचाला लावायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. नरिंदर सिंग हे त्या मदतनिसाचं नाव. चिमटा घाईने कार्बोलिकच्या जंतुनाशक द्रावणात बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात आणि तेवढ्या बुडवण्याने मरत नाहीत. शिवाय बाटली उघडली तेव्हा डॉक्टरांना तिचा कसलाही वास आला नव्हता. आठवड्यांपूर्वी परळमध्येच जंतू आत गेले असते तर ते तोवर वाढून बाटलीला घाण सुटली असती. या तपशिलांच्या बळावर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं आणि त्या वर्षअखेर हाफकिन निर्दोष ठरले.

या प्रकरणात लोक हाफकिन यांच्यावरच्या अन्यायाबद्दल बोलतात, आणि तो अन्याय होताच. माझं मन मात्र पडलेल्या चिमट्यापाशी थांबतं. तो पडला हे कुणीतरी सांगितलं, म्हणून तर ते कागदावर आलं. वास नव्हता हे कुणीतरी लक्षात ठेवलं. एका शास्त्रज्ञाची अब्रू आणि एका लशीवरचा लोकांचा विश्वास, दोन्ही अशा बारीक नोंदींवर तगले. मी नव्या मुलांना पिपेट धरायला शिकवते त्याच्या आधी वही लिहायला शिकवते, ते यासाठी. टिप कुठे टेकली, नळी किती वेळ बाहेर राहिली, वीज कधी गेली आणि जनरेटर किती मिनिटांनी लागला. ज्याला हे लिहायची लाज वाटते त्याच्या निकालावर मी विसंबत नाही.

नळीवर काय लिहायचं हाही असाच प्रश्न. १९५१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत मेरी कुबिचेक नावाची तरुण तंत्रज्ञ होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक तुकडा तिच्याकडे आला. तिने तो कापून नळ्यांत लावला आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे रुग्णाच्या नाव-आडनावातली पहिली दोन-दोन अक्षरं वर लिहिली. हेन्रिएटा लॅक्स, म्हणून हेला. शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या त्या माणसाच्या पहिल्या पेशी, आणि जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत आज त्यांची संतती आहे. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. शवविच्छेदनाच्या वेळी मेरी तिथे होती. मृतदेहाच्या पायांच्या नखांवर लावलेला, आता टवके उडालेला रंग तिला दिसला, आणि आपण इतके महिने ज्या पेशींना खाऊपिऊ घालतोय त्या एका जित्याजागत्या बाईच्या आहेत हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, असं तिने पुढे सांगितलं. हेन्रिएटाच्या घरच्यांना हे काही कळायला १९७३ उजाडलं.

आता आम्ही नळीवर नाव लिहीत नाही, संकेतांक लिहितो. माणसाचं नाव त्याच्या संमतिपत्रासह वेगळ्या कपाटात कुलपात असतं. हे योग्यच आहे. पण त्यामुळे तंत्रज्ञाला एक जास्तीचं काम करावं लागतं, ते म्हणजे आकड्यामागे माणूस आहे हे कुणी आठवण न देता लक्षात ठेवायचं. हे मला पुण्यात कळलं त्यापेक्षा जास्त शेगाव तालुक्यातल्या बातम्या वाचताना कळलं.

डिसेंबर २०२४ अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल. पहिला संशय बुरशीवर आणि पाण्यावर गेला. जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं आणि नमुने घेतले गेले. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः त्या गावांत गेले. १८ गावांतल्या २७९ लोकांचा आकडा त्यांनी दिला आणि रक्त, लघवी व केसांत सेलेनियम अतोनात वाढलेलं असून ते रेशनच्या गव्हातून आलं, असा निष्कर्ष मांडला. सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागतं, प्रतिकार करणाऱ्या पेशींनासुद्धा. त्या कणाच्या वर गेलं की तेच विष होतं.

त्या वेळी टीव्हीवर डोक्याला रुमाल बांधलेल्या पोरी दिसत होत्या, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेल्या. माझ्या ओळखीचे लोक केसांबद्दल बोलत होते आणि मी नळ्यांचा विचार करत होते, याचं मला वाईट वाटत नाही. सूक्ष्म धातू मोजायचे तर साधी नळी चालत नाही. तिच्या रबरी बुचातूनही धातूचा अंश रक्तात उतरू शकतो. त्यासाठी गडद निळ्या टोपीची खास नळी असते. गावातल्या अंगणात, खुर्चीवर बसवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा हात धरून रक्त काढणाऱ्याकडे ती नळी हवी, आणि तिच्यावरचा आकडा त्याच मुलीच्या कागदावर पडायला हवा. एवढं नीट झालं तरच दूरच्या शहरातल्या यंत्राने सांगितलेला आकडा त्या मुलीचा. नाहीतर तो कुणाचाच नाही.

आमचा जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. कोरोनाच्या पहिल्या वर्षी संत गाडगे बाबांच्या नावाच्या त्या विद्यापीठात चाचणीची प्रयोगशाळा उभी राहिली तेव्हा मला फार आनंद झाला होता. विद्यापीठ म्हणजे परीक्षा आणि गुणपत्रिका एवढंच ज्यांना माहीत, त्या लोकांच्या जगण्या-मरण्याचा कागद पहिल्यांदा तिथून निघू लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा जोर राज्यात आधी अमरावती-अकोल्याकडेच दिसला. तेव्हा रोजच्या नमुन्यांच्या राशी उपसणारी मुलंमुली आमच्यासारखीच होती. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकलेली, दोन-दोन मास्क आणि अंगभर प्लास्टिक घालून वऱ्हाडच्या उन्हाळ्यात उभी. त्यांतल्या किती जणांच्या हाताला आज त्याच प्रकारचं काम आहे, हे विचारायला हवं.

कारण या कामाला पद आहे, पण आयुष्य नाही. माझी नेमणूक प्रकल्पाची. प्रकल्प तीन वर्षांचा असेल तर नोकरी तीन वर्षांची, आणि दर वर्षी नवं पत्र. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पांत 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' या पदाच्या सर्वांत खालच्या पायरीला महिना १८ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता ठरलेला आहे, तिसऱ्या पायरीला २८ हजार आणि भत्ता. पुण्यात कॉट बेसिसवर राहून घरी पैसे पाठवणारी मुलं मी रोज पाहते. पैशांपेक्षाही मला खुपतं ते वेगळं. एका तंत्रज्ञाला फायकॉलवर रक्त चढवायला, उंदराची प्लीहा अखंड काढायला, पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर खरे ठिपके आणि कचरा वेगळा ओळखायला दीड-दोन वर्षं लागतात. हात तयार होतो तेव्हा प्रकल्प संपत आलेला असतो. हात निघून जातो आणि पुढच्या प्रकल्पात नवा हात पहिल्यापासून शिकतो. हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या पेशी दहा वर्षं टिकतात, त्या गोठवणारा माणूस मात्र तीन वर्षांत बदलतो, आणि वहीत त्याने लिहिलेलं 'नेहमीप्रमाणे केलं' या वाक्याचा अर्थ सांगणारं कुणी उरत नाही.

शोधनिबंधात नाव यावं की नाही यावर आमच्यात वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे. ज्याने प्रयोग आखला नाही पण प्रत्येक प्लेट लावली, चुकलेली प्लेट ओळखली आणि निकाल टाकून द्यायला लावला, त्याचं नाव लेखकांत असावं. काही ठिकाणी ते असतं. जिथे नसतं तिथे शेवटी एका ओळीत आभार असतात, आणि कित्येकदा तेवढंही नसतं.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत बुलढाण्याचं एक होतं. शंभर विद्यार्थ्यांचं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की लोकांना डॉक्टर आणि खाटा दिसतात. त्याच्यासोबत सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग येतो, विभागात सीरॉलॉजी येते, आणि मग बुलढाण्याचं रक्त बुलढाण्यात उघडलं जाण्याची शक्यता येते. शेगावसारखं पुन्हा काही घडलं तर पहिल्या आठवड्यात योग्य टोपीच्या नळ्या गावात पोचतील, आणि सीरमचा एक हिस्सा पुढच्या तपासणीसाठी उणे ८० मध्ये जिल्ह्यातच राहील. त्यासाठी फ्रीजर लागेल, त्याला न थांबणारी वीज लागेल, आणि कायम नेमणुकीचे तंत्रज्ञ लागतील. पहिल्या दोन गोष्टी निविदा काढून मिळतात.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा खामगावात शिकणारी एक मुलगी भेटायला आली होती. तिला पुण्यात अशाच एका जागेसाठी मुलाखतीला यायचं होतं. "ताई, काय विचारतात?" मी तिला सांगितलं, की प्रमाणपत्रं बघतात, मग एखादे सर किंवा मॅडम हातात पिपेट देतात आणि शंभर मायक्रोलिटर पाणी दहा वेळा उचलायला लावतात. प्रत्येक थेंब काट्यावर तोलतात. दहाही वजनं सारखी येतात का ते बघतात. ती म्हणाली, "आमच्या कॉलेजात पिपेट दोनच आहेत, वीस जणांत. हातात येईपर्यंत तास संपतो." मी तिला पत्ता दिला आणि सांगितलं, मुलाखतीच्या आदल्या दिवशीच ये, मी संध्याकाळी सहानंतर मोकळी असते, तेव्हा टेबल रिकामं असतं. आणि बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलची वही घेऊन ये, खाडाखोड असलेलीच आण, नवी लिहून आणू नकोस.